पालीची पकड : एका उत्तराचे परीक्षण

पाल भिंतीवर कशी राहते, असा प्रश्न प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात विचारला, तर आज बहुधा एकच उत्तर मिळते : 'व्हॅन डर वाल्स बलामुळे.' हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ज्या सहजतेने ते दिले जाते, ती सहजता विचार करावयास लावणारी आहे. 'पायाखाली निर्वात पोकळी होते म्हणून' हे जुने उत्तरही एके काळी असेच सहज दिले जात असे, आणि वर्गाबाहेर ते आजही ऐकू येते. एक पाठ उत्तर जाऊन त्याच्या जागी दुसरे पाठ उत्तर आले, एवढ्याने ज्ञान वाढले असे होत नाही. पहिले उत्तर का टाकावे लागले, दुसरे कोणत्या पुराव्यावर उभे आहे, आणि तो पुरावा किती भार सोसू शकतो, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात या विषयावरील संशोधनाचे तसे परीक्षण करावयाचे योजिले आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. 'पालीच्या बोटांत कोणते बल कार्य करते?' हा एक प्रश्न आहे आणि 'पाल भिंतीवर कशी राहते?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच अंशी मिळाले आहे. ते उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही पुरेसे आहे असे गृहीत धरले गेल्यामुळे मात्र या विषयाची मांडणी एकांगी झाली आहे, आणि ज्या भिंतीवर पाल प्रत्यक्ष राहते ती भिंत विचारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

१

या प्रश्नाचे कुतूहल पुरातन आहे. सुतार पक्षी झाडाच्या खोडावर खाली डोके करूनही पालीप्रमाणे धावतो, असा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात आहे. म्हणजे पालीचे चालणे त्याच्या वाचकांना इतके परिचित होते की उपमान म्हणून ते चालत असे. कारणमीमांसा मात्र एकोणिसाव्या शतकापासूनची. १८३० साली वाग्लरने पालीच्या बोटांखालील पट्ट्या चोषणाचे कार्य करतात असे मानले. त्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७०च्या सुमारास, कार्टिये याने त्या पट्ट्यांवरील सूक्ष्म रोमांचे वर्णन केले. त्यानंतरच्या संशोधनाची दिशा बोटांच्या पट्ट्यांकडून या रोमांकडे वळली.

१९०० साली हासे याने दोन गोष्टी नोंदविल्या : पालीची पकड तिच्यावर पडणाऱ्या भारानुसार वाढते, आणि ती एकाच दिशेने, म्हणजे बोट मागे शरीराकडे ओढले असता, लागते. या दोन नोंदींचे महत्त्व त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नाही. कोणताही डिंक किंवा चोषक दिशा पाहत नाही. दिशेवर अवलंबून असणारी पकड ही केवळ पदार्थाच्या गुणाने समजणार नाही, रचनेच्या गुणानेच समजेल, हे त्याच वेळी ओळखता आले असते. परंतु शोध चालू होता तो 'बलाचा'. १९०४ साली श्मिटने स्थिर विद्युतेचा पक्ष मांडला. १९३४ साली डेलिटने निर्वात जागेत प्रयोग करून चोषणाचा पक्ष निकालात काढला, कारण बाहेरच्या हवेचा दाब नाहीसा झाला तरी पकड टिकून राहिली. क्ष-किरणांनी भोवतालची हवा आयनित करून त्याने विद्युत्-पक्षाचीही परीक्षा घेतली. आयनित हवेत विद्युत्-भार निघून जावयास हवा होता, परंतु पालीची पकड तेव्हाही सुटली नाही.

१९४१ साली बेनी चरण महेंद्र यांनी भारतीय घरपालीच्या, म्हणजे *हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस* या जातीच्या, चालण्याविषयी विस्तृत निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. रोमांची वक्र टोके पृष्ठावरील उंचसखलपणात आकड्यांप्रमाणे अडकतात असा त्यांचा पक्ष होता. परदेशी समालोचनांत या निबंधाचा उल्लेख आढळतो तो बहुधा एका ओळीत, फेटाळलेल्या उपपत्तींच्या यादीत. त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

१९६५ साली रुइबाल आणि अर्न्स्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने रोमांची रचना स्पष्ट केली. टोके या आशियाई पालीच्या बोटांवरील एकेक रोम ३० ते १३० मायक्रॉन लांबीचा असून टोकाशी तो शेकडो शाखांत विभागतो, आणि प्रत्येक शाखेच्या अग्राशी उलथन्यासारखे चपटे पाते असते. या पात्याची रुंदी अर्ध्या मायक्रॉनहून अधिक नसते. १९६८ साली उवे हिलर याने दाखविले की पालीची पकड पृष्ठाच्या खडबडीतपणापेक्षा त्याच्या पृष्ठऊर्जेशी अधिक निगडित आहे. पकडीचे कारण रेणूंच्या परस्पराकर्षणात शोधले पाहिजे, हे येथून स्पष्ट झाले. नंतरच्या प्रसिद्ध प्रयोगांची पायाभरणी हिलरने केली होती, याची जाणीव पाठ्यपुस्तकांतून फारशी दिसत नाही.

२

इ. स. २००० मध्ये केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांचे सहकारी यांनी टोके पालीचा एक रोम वेगळा काढून त्याचे बल मोजले. या प्रयोगातील सर्वांत बोधप्रद भाग त्याच्या निष्कर्षात नसून त्याच्या अडचणीत आहे. रोम पृष्ठावर नुसता टेकविला, तर तो लागत नसे. प्रथम त्याला पृष्ठावर किंचित दाबावे लागे आणि मग सुमारे पाच मायक्रॉन मागे ओढावे लागे. एवढे केले म्हणजे बल सुमारे २०० मायक्रोन्यूटनपर्यंत जाई. त्या आधी संपूर्ण प्राण्यावरील मोजमापांवरून केलेल्या अंदाजापेक्षा हे कितीतरी पट अधिक होते. उलटपक्षी, रोमाचा पृष्ठाशी असलेला कोन सुमारे ३० अंशांच्या पुढे गेला की तो आपोआप सुटे. हासेने शंभर वर्षांपूर्वी संपूर्ण प्राण्यात पाहिलेली दिशाबद्धता येथे एका रोमात सापडली.

२००२ साली याच गटाने बलाच्या स्वरूपाची परीक्षा घेतली. केशिकाकर्षणाचा पक्ष खरा असेल, म्हणजे पृष्ठावरील पाण्याच्या पातळ थरामुळे रोम चिकटत असेल, तर पाण्याला दूर ठेवणाऱ्या पृष्ठावर पकड क्षीण झाली पाहिजे. यासाठी त्यांनी गॅलियम आर्सेनाइड हे जलद्वेषी आणि सिलिकॉन डायऑक्साइड हे जलस्नेही अशी दोन पृष्ठे घेतली. ध्रुवणक्षमतेच्या दृष्टीने दोन्ही अनुकूल होती. दोहोंवर पकड जवळजवळ सारखी आली. यावरून व्हॅन डर वाल्स बलाचा पक्ष सिद्ध झाला असे मानले गेले.

प्रयोग उत्तम आहे, परंतु त्याचा निष्कर्ष नेमक्या शब्दांत सांगितला पाहिजे. या प्रयोगाने पाणी *आवश्यक नाही* हे सिद्ध होते. पाणी *कधीच साहाय्य करीत नाही* हे त्याने सिद्ध होत नाही. आवश्यकता आणि साहाय्य यांतील हा भेद तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातला आहे. तो सुटल्यामुळे पुढील दहा वर्षे या विषयात बराच वाद झाला. २००५ साली ह्यूबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका पात्याचे बल मोजले. ते सुमारे दहा नॅनोन्यूटन भरले, आणि हवेतील आर्द्रतेबरोबर ते वाढत असल्याचे त्यांना आढळले. केशिकाकर्षणाचा पक्ष पुन्हा उभा राहिला. २०१० साली पुथॉफ आणि ऑटम प्रभृतींनी त्याला निराळे उत्तर दिले : आर्द्रतेने रोमाचा पदार्थच मऊ होतो, आणि मऊ झालेला रोम पृष्ठाशी अधिक जवळचा स्पर्श साधतो. म्हणजे पाणी येथे मध्यस्थाचे काम करते, परंतु ते पृष्ठ आणि रोम यांच्यामध्ये उभे राहून नव्हे, तर रोमाच्या आत शिरून.

या उत्तराने वाद मिटला असे म्हणण्यापेक्षा त्याचे स्वरूप बदलले असे म्हणणे योग्य होईल. बल तेच राहिले, परंतु त्या बलाचा लाभ किती मिळावा हे पदार्थाच्या मृदुत्वावर ठरते असे दिसले. २०१३ साली स्टार्क आणि सहकाऱ्यांनी पाण्याखालील पकडीची मोजमापे प्रसिद्ध केली. ओल्या काचेवर पकड पुष्कळच क्षीण होते, परंतु जलद्वेषी पृष्ठांवर ओल्या आणि कोरड्या स्थितीत फारसा फरक पडत नाही. टेफ्लॉनवर तर कोरड्यापेक्षा ओल्या स्थितीतच पकड चांगली मिळते. अशा पृष्ठावर पायाखालचे पाणी आपोआप बाहेर सारले जाते आणि स्पर्श कोरडाच राहतो. २०१४ साली इझादी आणि सहकाऱ्यांनी पालीची बोटे आणि दोन बहुवारिक पृष्ठे यांच्या स्पर्शात विद्युत्-भाराची देवाणघेवाण होत असल्याचे मोजून विद्युत्-पक्षही पुन्हा मांडला. डेलिटच्या प्रयोगाने तो पूर्णपणे बाद झाला होता असे आम्हांस वाटत नाही. आयनित हवा बाहेरचा भार नाहीसा करील, परंतु जेथे हवेलाच शिरकाव नाही अशा घट्ट स्पर्शातील भाराचे ती काय करणार? तथापि केवळ दोन पृष्ठांवरून सर्वसामान्य नियम काढणे हेही तितकेच घाईचे होईल.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा : व्हॅन डर वाल्स बल हे पालीच्या पकडीचे पुरेसे कारण आहे, परंतु ते एकमेव कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. शिवाय ते बल सर्व पदार्थांत आहे. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकातही आहे आणि भिंतीला टेकलेल्या आपल्या तळहातातही आहे. तळहात भिंतीला चिकटत नाही, याचे कारण बलाचा अभाव हे नसून स्पर्शाचा अभाव हे आहे. ते बल काही नॅनोमीटरांच्या अंतरातच जाणवते, आणि दोन घन पृष्ठे इतकी जवळ येतात ती फार थोड्या बिंदूंत. पालीचे वैशिष्ट्य बलात नाही. ज्या रचनेने ती हे बल उपयोगात आणते आणि क्षणार्धात टाकून देते, त्या रचनेत ते आहे. स्पर्शाचे क्षेत्र अनेक लहान भागांत विभागले असता एकूण पकड वाढते. जॉन्सन, केंडॉल आणि रॉबर्ट्स यांच्या १९७१च्या सिद्धान्तावरून एका स्पर्शाचे *न* भाग केले तर पकड *न*च्या वर्गमुळाच्या पटीने वाढते. म्हणजे शंभर भाग केले तर दसपट. 'कोणते बल' याच्या उत्तरापेक्षा 'किती भागांत' याचे उत्तर येथे अधिक सांगून जाते.

३

आता आकड्यांकडे वळू. या विषयावरील लेखनात, मराठीतही, दोन आकडे वारंवार येतात. टोके पालीच्या एका पायावर सुमारे पाच लक्ष रोम असतात, हा एक. तिचे सर्व रोम एकाच वेळी पूर्ण क्षमतेने लागले तर ती सुमारे १३० किलोग्रॅम वजन तोलू शकेल, हा दुसरा. अनेकदा हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेले दिसतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे साध्या गुणाकाराने कळते.

पाच लक्षांना चाराने गुणिले तर चार पायांवर वीस लक्ष रोम होतात. प्रत्येकी २०० मायक्रोन्यूटन धरले तर एकूण बल ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम वजन. १३० किलोग्रॅमचा आकडा येतो तो एकूण ६५ लक्ष रोम धरून. हे ६५ लक्ष कोठून आले? पुढील दोन पायांच्या २२७ चौरस मिलिमीटर क्षेत्रास प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे १४,४०० रोम या घनतेने गुणून आणि ती संख्या चार पायांसाठी दुप्पट करून. पाच लक्षांचा आकडा मात्र सुमारे १०० चौरस मिलिमीटरच्या पायावर ५,००० रोम प्रति चौरस मिलिमीटर या घनतेशी जुळतो. दोन घनतांमध्ये जवळजवळ तिपटीचे अंतर आहे. बोटाच्या निरनिराळ्या भागांत रोमांची दाटी निराळी असणे शक्य आहे, आणि निरनिराळ्या आकाराच्या प्राण्यांत ती बदलणेही शक्य आहे. परंतु मग कोणती घनता कोठे लागू हे सांगितले पाहिजे. एका आकड्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट जोडून दिल्याने वाचकाला विस्मय वाटेल, ज्ञान मिळणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १३० किलोग्रॅम हे मोजलेले बल नाही, ते गणिताने वाढविलेले बल आहे. प्रत्यक्ष मोजलेले बल १९९६ साली इर्शिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. टोके पालीच्या पुढील दोन पायांचे पृष्ठाला समांतर बल २०.१ न्यूटन भरले. ते १४,४०० या घनतेने रोमांवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ६.२ मायक्रोन्यूटन येतात, म्हणजे एका रोमाच्या क्षमतेच्या तीन टक्के. उरलेले सत्त्याण्णव टक्के कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'पालीजवळ प्रचंड राखीव शक्ती आहे' असे दिले जाते. हे उत्तर नव्हे. सर्व रोम एकाच वेळी, योग्य कोनात, योग्य ओढीने कधीच लागत नाहीत, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. जी शक्ती कधीच वापरता येत नाही तिला राखीव म्हणणे म्हणजे पेढीत नसलेल्या रकमेवर हुंडी लिहिणे होय.

कॅलगरी येथील अँथनी रसेल यांनी नैसर्गिक खडकांच्या पृष्ठांचा अभ्यास करून या प्रश्नाला योग्य वळण दिले. जॉन्सन यांच्यासह २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की उंचसखल खडकावर पालीच्या बोटाला टेकावयास मिळतात ती विखुरलेली, लहान ठिकाणे. जी क्षमता काचेवर अतिरिक्त वाटते, ती खडकावर जेमतेम पुरेशी असू शकते. त्याच साली ह्यूबर प्रभृतींनी आणखी एक गोष्ट दाखविली. पृष्ठाचा खडबडीतपणा पात्याच्या आकाराच्या आसपास, म्हणजे सुमारे १०० ते ३०० नॅनोमीटर असला, तर पकड फार कमी होते. त्याहून गुळगुळीत पृष्ठ चालते, त्याहून खडबडीतही चालते. मधलेच चालत नाही. हे निष्कर्ष '१३० किलोग्रॅम'इतके प्रसिद्ध नाहीत. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहेत.

४

पालीच्या पायाचे अनुकरण करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. त्यांकडे उपयोगाच्या दृष्टीने पाहण्यात येते, परंतु उपपत्तीची परीक्षा म्हणूनही त्यांकडे पाहता येईल. २००३ साली आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी पॉलिइमाइडचे सूक्ष्म केस असलेली पट्टी तयार केली. हे केस कठीण सिलिकॉनवर उभे केले तेव्हा पकड क्षीण मिळाली, आणि मऊ, वाकणाऱ्या पट्टीवर बसविले तेव्हा ती पुष्कळ वाढली. म्हणजे केस असणे पुरेसे नव्हते. केसांच्या मागचा आधार पृष्ठाप्रमाणे वाकला पाहिजे. ही पट्टी काही वेळा लावून काढल्यावर निकामी होत असे, कारण केस एकमेकांना चिकटत. उलट २००५ साली हॅन्सन आणि ऑटम यांनी दाखविले की पालीचे पाय धुळीने माखले तरी काही पावलांतच स्वच्छ होऊन पुन्हा पकड घेतात.

२०१२ साली ॲम्हर्स्ट येथील मॅसेच्युसेट्स विद्यापीठातील क्रॉस्बी, इर्शिक आणि सहकाऱ्यांनी तर एकही केस नसलेली पट्टी तयार केली. मऊ पदार्थाचा थर, आणि त्याला पाठीमागे न ताणणाऱ्या विणलेल्या कापडाचा आधार, एवढीच तिची रचना. तळहाताएवढ्या तुकड्यावर तिने सुमारे तीनशे किलोग्रॅम वजन तोलले. पालीच्या बोटातील त्वचेला घट्ट जोडलेले कंडरे हेच कार्य करतात, असे या संशोधकांचे म्हणणे. रोमांवर केंद्रित झालेल्या उपपत्तीला हा महत्त्वाचा प्रश्न आहे. पकड रोमांत आहे, की रोम, त्वचा, कंडरे आणि हाडे यांच्या परस्पर जोडणीत? आमच्या मते दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक आहे. रोम ही त्या रचनेची शेवटची, सर्वांत बारीक पायरी होय.

आकारमानाची मर्यादाही येथेच लक्षात येते. २०१६ साली लाबाँट, फेडर्ले आणि सहकाऱ्यांनी माइटांपासून पालींपर्यंत २२५ जातींच्या आसंजक गाद्यांचे क्षेत्रफळ तपासले. शरीराच्या तुलनेत हे क्षेत्र मोठ्या प्राण्यांत अनेक पटींनी वाढत जाते. त्याच हिशेबाने मनुष्याला भिंतीवर चढावयाचे तर शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग गाद्यांनी व्यापावा लागेल. '१३० किलोग्रॅम'च्या आकड्याने जी कल्पना सुचते तिला हे समर्पक उत्तर आहे.

जिवंत प्राण्याचा वाटा कोणता, याचेही उत्तर अनपेक्षित आहे. २०१४ साली स्ट्यूअर्ट आणि हायम यांनी टोके पालींच्या पायांची पकड मृत्यूपूर्वी आणि मृत्यूनंतर मोजली. दोहोंत फरक आढळला नाही. चिकटून राहण्यास पालीला काहीच श्रम पडत नाहीत. तिचे कर्तृत्व सुटण्यात आहे : बोटे टोकाकडून मागे गुंडाळून रोमांचा कोन बदलणे, आणि पुढच्या पावलावर पुन्हा टेकविणे. पकडीच्या संशोधनाने शतकभर 'कशी लागते' असे विचारले. 'कशी सुटते' हा प्रश्न आधी विचारला असता, तर डिंक, चोषण आणि विद्युत् यांपैकी बहुतेक पक्ष आपोआप मागे पडले असते.

५

आता आपल्या भिंतीकडे येऊ. वर उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग काच, ॲक्रिलिक, सिलिकॉन अशा पृष्ठांवर झाले आहेत. निसर्गात आणि घरात पालीच्या वाट्यास ही पृष्ठे क्वचित येतात. आपल्याकडील घरपाल राहते ती चुन्याच्या भिंतीवर, डिस्टेंपरवर, लाकडी तुळईवर, कौलांच्या खाली. चुन्याच्या भिंतीला हात लावला तर बोटाला पांढरी पूड लागते. तीच पूड पालीच्या पात्याला लागत नसेल असे मानण्यास कारण नाही. अशा भिंतीवर पकडीचा सर्वांत दुर्बल दुवा रोम आणि चुना यांच्यामध्ये नसून चुन्याचा कण आणि भिंत यांच्यामध्ये असेल, ही शक्यता तपासण्यासारखी आहे.

पाल पडते, ही गोष्ट आपल्या समाजाने फार पूर्वीपासून नोंदविली आहे. पल्लीपतनाची फले पंचांगांतून छापली जातात : पाल कोणत्या अवयवावर पडली असता काय घडेल, याची ती यादी. त्या फलांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या घटनेवर ती यादी उभी आहे, ती घटना खरी आहे. पाल आढ्यावरून पडते, आणि इतक्या वेळा पडते की तिच्यासाठी स्वतंत्र शास्त्र रचावेसे वाटले. १३० किलोग्रॅम तोलू शकणारा पन्नास ग्रॅमचा प्राणी आढ्यावरून का पडावा, हा प्रश्न उपपत्तीला विचारलाच पाहिजे.

या संदर्भात महेंद्र यांच्या निबंधाकडे पुन्हा पाहावे. रोम हे सूक्ष्म आकडे आहेत हा त्यांचा पक्ष टिकला नाही. गुळगुळीत काचेवर उलटी लटकणारी पाल त्याला पुरेसे उत्तर आहे. परंतु त्यांनी घेतलेला प्राणी घरपाल होता, आणि घरपालीचे पृष्ठ खडबडीत असते हे त्यांच्या विचारात होते. उंचसखलपणात अडकण्याचे कार्य रोमांनी होत नसले तरी नखांनी होते. २०१९ साली नेलर आणि हायम यांनी नखे असलेल्या आणि नखे काढलेल्या पालींची तुलना करून खडबडीत पृष्ठावर नखांचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. महेंद्र यांची उपपत्ती चुकीच्या अवयवाला लावली गेली होती, एवढेच म्हणणे न्याय्य होईल. यादीतील एका ओळीत तिची वासलात लावणे न्याय्य नाही.

नख आणि रोम यांतील भेद लोककथेनेही आपल्यापुढे ठेवला आहे. १६७० साली कोंढाण्याचा कडा चढताना घोरपडीचा उपयोग केला गेला, असे पोवाडे सांगतात. त्या कथेच्या ऐतिहासिकतेचा विचार येथे अप्रस्तुत आहे. घोरपडीच्या बोटांवर आसंजक रोम नाहीत, तिची पकड केवळ नखांची आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पाल आणि घोरपड यांना एकाच उदाहरणात जोडणारे विद्यार्थी आमच्या पाहण्यात आले आहेत, म्हणून हा उल्लेख.

तुलनेची याहून चांगली सोय सह्याद्रीत आहे. येथील खडकांवर *हेमिडॅक्टिलस* प्रजातीच्या पाली आहेत, त्यांच्या बोटांना रुंद आसंजक गाद्या आहेत. *नेमॅस्पिस* प्रजातीच्या पालीही खडकांवर राहतात, आणि त्यांच्या बोटांना तशा गाद्या नाहीत. २०१२ साली गँबल आणि सहकाऱ्यांनी पालींच्या वंशवृक्षाचा अभ्यास करून अनुमान काढले की अशा गाद्या अकरा वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाल्या आणि नऊ वेळा नाहीशा झाल्या. जो अवयव इतक्या वेळा टाकला गेला, त्याचा लाभ सर्वत्र सारखा असणार नाही. कोणत्या पृष्ठावर तो लाभदायक आणि कोणत्या पृष्ठावर निरुपयोगी, हे विचारण्यास सह्याद्रीचा खडक ही प्रयोगशाळाच आहे.

समारोप

हे परीक्षण ऑटम, फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्याचे अवमूल्यन करण्यासाठी नाही. एका रोमाचे बल मोजण्याचे त्यांचे कार्य या विषयातील सर्वांत मोठी पायरी आहे. आमचा आक्षेप त्यांच्या निष्कर्षापेक्षा त्या निष्कर्षाच्या वापरावर आहे. एका रोमापासून संपूर्ण पालीपर्यंत, आणि काचेपासून भिंतीपर्यंत, ज्या पायऱ्या चढावयास हव्यात, त्या आपण गुणाकाराच्या एका उडीत ओलांडतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास यातून काही करावयाचे असेल, तर फार खर्चाच्या साधनांची गरज नाही. चुन्याची भिंत, डिस्टेंपरची भिंत, सिमेंटचा गिलावा, काळा पाषाण आणि काच अशी पाच पृष्ठे घ्यावीत. एका घरपालीची, तिला इजा न करता, प्रत्येकावरील ओढ साध्या स्प्रिंगच्या काट्याने मोजावी. हेच मोजमाप उन्हाळ्यात आणि आषाढात असे दोन्ही वेळा करावे. चुन्यावर चालून आलेल्या पालीच्या पायाची काचेवरील पकड किती पावलांत पूर्ववत होते, हे मोजावे. आवश्यक ती परवानगी आणि मार्गदर्शन घेऊन एका वर्षात होण्यासारखे हे काम आहे. त्याचे निष्कर्ष काहीही आले तरी 'पाल भिंतीवर कशी राहते' या प्रश्नाच्या उत्तरात भिंतीचा समावेश होईल. आज तो नाही.